परसातले पाहुणे

पुण्यात कुठल्याही भाजीच्या दुकानात जा, 'गावरान' असं लिहिलेली पाटी दिसली की भाव दीडपट झालेला असतो. गावरान टोमॅटो, गावरान मिरची, गावरान गाजर. आम्ही आयटीवाले ती पाटी बघून निमूटपणे पैसे काढतो, कारण आपण काहीतरी अस्सल, आपल्या मातीतलं घेतोय असं मनाला बरं वाटतं. पण गावरान म्हणजे नक्की काय? टोमॅटो कुठल्या गावचा? मिरची कुठल्या शिवारातली? आणि ती मागच्या भिंतीवर बसून आपल्याकडे रोखून बघणारी मांजर, ती तरी इथली का?

तर मंडळी, आजच्या वीकएंडचा विषय हा. हिवाळ्यातली परसबाग आणि तिच्यात राहायला आलेलं मांजर, या दोघांचा इतिहास. विषय किरकोळ वाटेल, पण खणायला लागलं की पार मेक्सिकोपर्यंत जातो.

आधी गावाची ओळख. मी मुरुडचा. हे सांगितलं की पुण्यात समोरचा लगेच म्हणतो, "वा, जंजिरा!" ते नाही. दापोलीजवळचंही नाही. आमच्या मुरुडाला समुद्र नाही, किल्ला नाही, बीच रिसॉर्ट तर नाहीच नाही :-) लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नंतरही लातूर तालुका उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिला, आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. जमीन काळी, पाऊस लहरी. गावाला रेल्वे आहे ती बार्शी लाइटची. ही छोटी लाइन १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. आता ती ब्रॉडगेज झाली आहे. ही लाइन लक्षात ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

आमच्याकडच्या जुन्या घरांना मागे परस असतो. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी मोरीतून बाहेर पडतं, त्या पाण्यावर आळूचं आळं, कढीपत्ता, एखादं लिंबू किंवा पपई. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाऊस सरतो, जमिनीला वाफसा येतो, आणि मग आजी वाफे करायला घेते. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, चार वांग्यांची रोपं, चार टमाट्यांची, दोन मिरच्यांची, आणि कुंपणावर वालाचा वेल. मेथी महिन्याभरात ताटात येते, कोथिंबीर जरा दमानं. मार्गशीर्ष येईपर्यंत परस हिरवागार असतो. त्याला वेगळं खत नाही, वेगळं पाणी नाही. घरात वापरून झालेल्या पाण्याचा हा दुसरा जन्म. रीसायकलिंग हा शब्द आमच्याकडे यायच्या आधीपासून ते चालू आहे.

आणि मार्गशीर्षाच्या अमावास्येला येते आमची येळवस. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना हा सण सांगितला की त्यांचे चेहरे कोरे होतात. वेळ अमावस्या किंवा येळवस ही लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात असते. कानडीत हिला एळ्ळ अमावास्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, लातूर शहर तर बंद असल्यासारखं ओस पडतं. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, आणि मग जेवायचं. जेवण म्हणजे ज्वारीची अंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, आणि या सगळ्यांची राणी भज्जी.

भज्जी म्हणजे भजी नव्हे. हिवाळ्यात शेतात आणि परसात जे काही हिरवं आहे ते सगळं एका भांड्यात. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, गाजर, वांगी, हिरवी मिरची, आणि हे सगळं बेसन लावून ताकात शिजवलेलं. बाकी महाराष्ट्रात भोगीला जी मिश्र भाजी होते तिची ही थोरली बहीण म्हणा हवं तर. आजीचं ठाम मत आहे की हिच्यासारखं आपलं, अस्सल, पूर्वापार चालत आलेलं दुसरं काही नाही. "बाहेरचं काही नसतंय बघ हिच्यात."

आता आम्हा लोकांना एक सवय असते. कुठलाही जुना कोड हातात आला की तो कुठल्या कुठल्या लायब्रऱ्यांवर उभा आहे ते आधी बघायचं. मी भज्जीचं तेच केलं. जे सापडलं ते थरांथरांनी सांगतो.

पहिला थर इथला. तूर भारतातली. तिचा रानटी नातलग ओडिशा-बस्तरच्या बाजूला अजून रानात उगवतो. वांगं आपल्या भागातलं, तीळही भारतीय उपखंडातला. म्हणजे भज्जीतले तीन-चार घटक खरोखर घरचे. इथपर्यंत आजी जिंकली.

दुसरा थर पश्चिम आशियातला. हरभरा मूळचा आग्नेय तुर्कस्तानच्या आसपासचा. वाटाणा, मसूर, गहू, जव हे त्याच टापूतले. मेथी आणि कोथिंबीरही तिकडून भूमध्य समुद्राकडच्या बाजूची. पण ही मंडळी फार जुनी. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत जव, गहू, मसूर, कुळीथ असं धान्य सापडलं. म्हणजे पश्चिम आशियातलं धान्य तेव्हाच इथं मुरलेलं होतं.

तिसरा थर आफ्रिकेचा. आणि इथे माझी स्वतःची विकेट पडली, कारण आमची ओळखच ज्वारी! ज्वारी सुदानकडची. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातली. वालही आफ्रिकेतला. ही तिन्ही पिकं चार-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास भारतात पोचली होती. म्हणजे येळवशीची अंबील आणि उंडे, दोन्ही आफ्रिकन.

चौथा थर अमेरिकेचा, आणि हा अगदी ताजा. मिरची, भुईमूग, टोमॅटो, बटाटा, लाल भोपळा, पेरू, पपई हे सगळं अमेरिका खंडातलं. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचायच्या आधी यातलं काहीही भारतात नव्हतं. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, आणि मग हा माल हळूहळू किनाऱ्यावरून घाटावर चढला. भाषेत त्याच्या खुणा आहेत. बटाटा, पपई, पेरू, अननस, काजू हे शब्द पोर्तुगीजांच्या मार्फत आले. मुंबई इलाख्यात मिरचीला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत, म्हणजे गोव्याकडून आलेली. टोमॅटोला नाव काय द्यावं हे तर लोकांना बराच काळ सुचलं नसावं. कुणी वेलवांगं म्हणालं, कुणी भेदरं. आमच्याकडे सरळ टमाटे.

पाचवा थर युरोपचा. कोबी हा शब्द पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला. फुलकोबीचं बी १८२२ मध्ये इंग्लंडच्या क्यू बागेतून सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं असं शेतीची पुस्तकं सांगतात. आणि आज बाजारात मिळणारं केशरी गाजर युरोपात, मुख्यतः नेदरलँड्समध्ये, सतराव्या शतकात रूढ झालेलं. आपलं जुनं गाजर लाल-जांभळं, ते अफगाणिस्तान-इराणकडचं.

म्हणजे हिशोब असा, की आमच्या अस्सल मराठवाडी भज्जीत चार खंड आहेत. ही यादी मी आजीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ताक कुठलंय?" ताक घरचंच. "मग झालं की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मिरचीचं प्रकरण मात्र इथे संपत नाही, कारण ते थेट एका संताच्या मळ्यात जातं. संत सावता माळी. गाव अरण, सोलापूर जिल्ह्यात मोडनिंबजवळ. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले, समाधी १२९५ ची. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असूनही मळ्यातच विठ्ठल बघणारा हा माणूस. मळ्यातली भाजी म्हणजेच देव, असं सांगणारा त्यांचा अभंग आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्या अभंगात कांदा येतो, मुळा येतो, लसूण येते, कोथिंबीर येते. आणि मिरची येते!

थांबा. १२९५ मध्ये मिरची? ती तर अजून दोनशे वर्षं अमेरिकेतून हललेलीच नाही.

मग मिरचीआधी आपल्याकडे तिखट काय होतं? याचा चांगला पुरावा आमच्या शेजारचाच आहे. बसवकल्याण, म्हणजे जुनी कल्याणी, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या जेवणावर आख्खं प्रकरण आहे. वडे आहेत, इडलीचा पूर्वज आहे, मांसाचे प्रकार आहेत, अगदी शेतातले उंदीर भाजून करायची कृतीसुद्धा आहे (मांजरांनी ही नोंद विशेष घ्यावी). तिखटपणाला मिरी आहे, आलं आहे. मिरची नाही. आमच्याच भागातला राजा, मसाल्यांचा शौकीन, आणि जेवणात मिरचीचा कणही नाही.

म्हणून अभंगातल्या मिरचीचं काय करायचं? दोन शक्यता दिसतात. एक म्हणजे तो शब्द मुळात मिरीसाठी असावा. संस्कृत मरिच, त्यावरून मिरी, आणि मिरीसारखी तिखट म्हणून मिरची. पण मिऱ्याचा वेल दमट, भरपूर पावसाच्या मुलखातला. अरणच्या कोरड्या हवेत माळ्याच्या वाफ्यात तो लागायचा नाही. दुसरी शक्यता मला जास्त पटते. हे अभंग शतकानुशतकं तोंडी गायले गेले. ज्यांनी गायले ती सगळी शेतकरी, माळी, कष्टकरी माणसं. त्यांच्या मळ्यात मिरची आली, कांद्या-लसणीच्या शेजारी रुजली, आणि एक दिवस कुणाच्या तरी तोंडून ती अभंगातही शिरली. त्यामुळे संतांचं काही बिघडलं नाही. उलट त्यांचं म्हणणं असंच होतं ना, की मळ्यात जे आहे ते सगळं विठ्ठल? मग मिरचीनेच काय पाप केलं होतं?

मला यात भारी गोष्ट ही वाटते. एखादी परदेशी वस्तू एखाद्या समाजाने आपली केली हे ओळखायचं कसं? कायद्याने नाही, पासपोर्टने नाही. ती देवाच्या गाण्यात शिरली की झाली आपली. मिरचीला ते जमलं. टोमॅटोला अजून जमलेलं नाही, पण तो प्रयत्न करतोय :-)

आता मांजर.

मांजराचा इतिहास भाजीपेक्षा वेगळा, कारण भाजी माणसाने आणली आणि मांजर स्वतः आलं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला. साठवलेल्या धान्याला उंदीर आले, उंदरांना रानमांजर आलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवर मोठा अभ्यास झाला. त्यातून दिसतं की जगभरचं घरमांजर हे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजराचं वंशज आहे. भारतात वेगळं रानमांजर आहे, पण आपली मनी त्याच्यापासून आलेली नाही. तीही पाहुणीच.

ती आली केव्हा? सिंधमधल्या चन्हुदडोला १९३५-३६ मध्ये उत्खनन झालं, तिथे हडप्पा काळातली एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं, आणि मागून कुत्रं. दोघांचे पाय विटेत उमटले. चार हजार वर्षांपूर्वीचा तो पाठलाग आजही विटेवर आहे. ते मांजर पाळलेलं की रानातलं हे विटेवरून ठरत नाही, पण वस्तीत वावरत होतं एवढं नक्की.

पुढचा धागा आमच्या अंगणातून जातो. मुरुडहून पश्चिमेला गेलं की ढोकी आणि ढोकीजवळ तेर. गोरा कुंभारांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये ते पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं दिलं आहे. तगरचं कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे. तांबड्या समुद्रावरचं इजिप्तचं एक बंदर होतं बेरेनिके. तिथल्या उत्खननात भारतातल्या काळ्या मिऱ्यांनी भरलेला रांजण सापडला. आणि त्याच गावात पाळीव प्राण्यांची एक दफनभूमीही सापडली, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. तिच्यात सगळ्यात जास्त मांजरं, काहींच्या गळ्यात पट्टे आणि मणी. म्हणजे आपला माल ज्या बंदरात उतरत होता तिथे मांजराचे इतके लाड चालू होते. जहाजावर धान्य, धान्याला उंदीर, म्हणून जहाजावर मांजर, हा सगळ्या जगातला जुना नियम. मांजर जगभर पसरलं ते बऱ्याच अंशी असंच, खलाशांबरोबर.

मराठीतला 'मांजर' हा शब्द संस्कृत मार्जारवरून आला, आणि मार्जारचा अर्थ पुसून साफ करणारा. सतत अंग चाटत बसणाऱ्या प्राण्याला याहून नेमकं नाव काय देणार! पण आपल्या जुन्या वाङ्मयाचा मांजरावर विश्वास कधीच बसला नाही. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' म्हटलंय, म्हणजे मांजरासारखं व्रत करणारा. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या मोठ्या शिल्पपटात एक मांजर एका पायावर उभं राहून तप करतंय आणि उंदीर त्याच्याभोवती जमलेत. पंचतंत्र-हितोपदेशातलं मांजरही तसंच. आपल्या म्हणींतलं मांजर डोळे मिटून दूध पितं आणि आडवं जातं. कुत्र्याला इमान, गाईला माय, आणि मांजराला फक्त संशय.

तरीही घरातून त्याला कुणी हाकललं नाही. का? उत्तर बळदात आहे. मराठवाड्यातल्या वाड्यांत धान्य बळदात असायचं, जमिनीखाली पेव असायचं, कणग्या असायच्या. वर्षभराचं खाणं तिथे. ज्या घरात मांजर नाही त्या घराची ज्वारी उंदरांची. मग संशय राहिला बाजूला आणि मांजराला कोपरा मिळाला.

याचा मोठा हिशोब एकदा खरोखर मांडला गेला, आणि तो महाराष्ट्रातच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुण्यात रँडचा खून झाला तो याच प्लेगच्या बंदोबस्तावरून, १८९७ मध्ये. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगने गेली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत मांडलं, आणि मुंबईतल्या प्रयोगांनी पुढच्या दशकात ते पक्कं केलं. त्या सुमाराला अमरावतीला इंडियन मेडिकल सर्व्हिसचे एक डॉक्टर होते, अँड्र्यू बुकॅनन. त्यांनी काय केलं असेल? गावोगावची मांजरं मोजली! त्यांना दिसलं, की ज्या गावांत घरोघर मांजरं आहेत तिथे प्लेग फारसा येत नाही. १९०८ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. कल्पना करा, वऱ्हाडातली साधी घरमांजरं, आणि त्यांची नोंद लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात.

आता तुम्ही आम्ही डेटावाले लगेच म्हणणार, की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. बरोबर. शिवाय पुढे हेही कळलं की मांजराला स्वतःला प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून माणसालाही. म्हणजे मांजर हे औषध नव्हे. पण बुकॅनन यांचा मूळ मुद्दा साधा होता. रोज थोडे थोडे उंदीर कमी करणारा प्राणी घरातच आहे, त्याला हाकलू नका.

हा मुद्दा आमच्या भागाने फार महाग पडून पुन्हा शिकला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. घरं पडली, काही नुसतीच सोडून दिली गेली, आणि धान्य आतच राहिलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले, पाठोपाठ सुरत. नंतरच्या तपासण्यांत तो प्लेगच असल्याचं पक्कं झालं. भूकंपानंतर ओस घरांतल्या धान्यावर उंदीर माजले आणि त्यातून हे झालं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. माणसाने घर सोडलं की मांजरही फार दिवस राहत नाही. उरतो तो उंदीर.

म्हणून परसातल्या मनीला मी आता जरा आदराने बघतो. ती गेल्या कार्तिकात आली. करड्या पट्ट्यांची, एका कानाला खाच, आणि जवळ गेलं की भिंतीपलीकडे. तिच्याशी ओळख व्हायला दीड महिना लागला, तोही मी सुट्टीला आणि घरून काम करायला मुरुडला होतो म्हणून. यात काही युक्ती नाही. दहा हजार वर्षांपूर्वीचा तोच प्रोटोकॉल अजून चालतो. खायला ठेवायचं, लांब बसायचं, मागे लागायचं नाही. हळू डोळे मिटून उघडले की मांजराला माणूस जास्त बरा वाटतो, हे २०२० मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय. आजी ते न वाचताच करते. ती वाफ्यात खुरपत असते आणि मनी दोन हातांवर येऊन बसते, दोघीही एकमेकींकडे बघत नाहीत.

वाफ्यांचं आणि मांजराचं मात्र भांडण असतं. नवीन भुसभुशीत माती दिसली की मांजराला ती आपल्यासाठीच केलेली वाटते, आणि मेथीचं बी सगळं वर. यावर उपाय साधा. पेरल्यावर वाफ्यावर तुराट्या आडव्या-उभ्या अंथरायच्या, रोप वर आलं की काढायच्या. म्हणजे बघा, इथली तूर, पश्चिम आशियातली मेथी आणि तिकडूनच आलेलं मांजर, तिघांचा वाद तीन बाय सहाच्या वाफ्यात मिटतो.

सगळेच पाहुणे चांगले असतात असंही नाही बरं का. गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, पुण्यात त्याची नोंद १९५६ ची. आज ते प्रत्येक बांधावर आहे आणि ना माणसाच्या कामाचं ना गुराच्या. आणि १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो! खरं तर मिलो म्हणजे ज्वारीच. आफ्रिकेतून एक ज्वारी हजारो वर्षांपूर्वी थेट इकडे आली ती आपली झाली, दुसरी अमेरिकेला वळसा घालून आली ती लोकांनी नाक मुरडत गिळली. रंग वेगळा, चव वेगळी, आणि आली ती रेशनच्या रांगेतून. मिलोने लोक जगले, पण तिचं बी कुणी जपलं नाही.

मला वाटतं इथेच 'गावरान'चा अर्थ सापडतो. कुठून आलं हे महत्त्वाचं नाही. ज्याचं बी पुढच्या वर्षासाठी आपण जपून ठेवतो ते गावरान. आजीकडे जुन्या डब्यांत, राखेत घोळलेलं वालाचं, मेथीचं, वांग्याचं बी असतं. शेजारच्या घरातून आलेलं, माहेराहून आणलेलं. त्या डब्यावर मूळ देशाचं नाव नाही, ज्या घरातून आलं त्या घराचं आहे.

आणि हे जपायला परस लागतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. ती पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी, बार्शी अशी आली आणि मुरुडवरून लातूरला गेली. सावता माळ्यांच्या अरणाजवळून, तेरच्या बाजूने, आमच्या स्टेशनातून. बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेने. त्या वर्षी आमच्या परसात काही नव्हतं. मोरीतूनच पाणी येत नव्हतं तर वाफ्याला कुठून येणार? पण डब्यात बी होतं, आणि पाऊस झाल्यावर त्या दिवाळीला मेथी पुन्हा उगवली.

आता आमच्या घरी विषय निघालाय की परसात काँक्रीट करून टाकावं. गाडी लावायला जागा होईल, चिखल होणार नाही, आणि आजीला आता वाकायला होत नाही. सगळे मुद्दे बरोबर आहेत. बाबा म्हणाले, मेथी दहा रुपयाला जुडी मिळते, त्यासाठी एवढं कशाला? पैशाच्या हिशोबात त्यांना हरवणं शक्य नाही. मी फक्त एवढं म्हणालो, की गाडी पुढच्या दारीही लागते. शेवटी अर्धा परस ठरलाय. मोरीच्या बाजूचा अर्धा मातीचा राहील, आणि वाफे आजीच्या कमरेइतके उंच, विटांचे बांधायचे, म्हणजे तिला वाकावं लागणार नाही. मनीचं मत कुणी विचारलेलं नाही. ती विटांच्या ढिगावर बसून काम बघते.

असो, बरंच लांबलं. या हिवाळ्यात तुमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक कुंडी असेल तर मूठभर मेथी टाकून बघा, दुकानातली मोडाची चालते. कुंडीत तुराटी नसेल तर आइस्क्रीमच्या काड्या रोवा. आणि पार्किंगमधली मांजर वर येऊन कुंडीत बसली, तर तिला लगेच हाकलू नका. धान्याच्या मागोमाग ती दहा हजार वर्षं चालत आली आहे, तुमचा चौथा मजला तिला काही फार नाही.

येळवशीला सुट्टी टाका. भज्जी खायला मुरुडला या. समुद्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो.